गोश्वारा नंबर

दिल्लीच्या तीस हजारी न्यायालयात जुन्या दाव्याची नक्कल मागायला गेलेल्या माणसाला खिडकीवर पहिला प्रश्न विचारतात : "गोश्वारा नंबर?" मराठी कानाला हा शब्द ओळखीचा वाटतो. आपल्याकडे गोषवारा म्हणजे सारांश, लांबलचक हिशेबाची आटोपशीर बेरीज. दिल्लीच्या न्यायालयात त्याचा अर्थ निराळा आहे. निकाल लागलेली फाइल न्यायाधीशांच्या दालनातून रेकॉर्ड रूममध्ये जमा होते, तेव्हा तिथे तिला एक क्रमांक पडतो. तो गोश्वारा नंबर. दावा चालू असताना फाइलला जो क्रमांक होता, तो रेकॉर्ड रूममध्ये फारसा कामाचा नसतो, कारण कपाटात बस्ते लावलेले असतात ते या दुसऱ्या क्रमांकाने.

न्यायालयातला कागद गुप्त नसतो, पण त्याला पत्ता असतो, आणि तो पत्ता आपण सांगायचा असतो. पत्ता अचूक सांगितला तर कागद बहुधा मिळतो. नुसते "आमच्या वडिलांचा एक दावा होता, पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराचा" एवढेच सांगितले तर जगातला सर्वांत सज्जन कारकूनही काही करू शकत नाही. हा पत्ता शोधायचा कसा, कागद मागायचा कसा, आणि मागण्याचा हक्क कुठे संपतो, हे या प्रकरणात पाहू. उदाहरण दिल्ली आणि तिच्या भोवतीच्या परिसराचे घेतले आहे. तिथे मराठी माणसे बरीच आहेत आणि तिथली गुंतागुंत महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्ह्यापेक्षा जास्त आहे.

पत्त्याची पहिली ओळ म्हणजे राज्य. गुरुग्राम, नोएडा, दिल्ली हे सगळे मेट्रोने जोडलेले एकच शहर वाटते. न्यायालयांच्या दृष्टीने ती तीन वेगळी जगे आहेत. करोलबागेतल्या दुकानाचा दावा दिल्लीच्या जिल्हा न्यायालयात चालतो आणि त्यावर देखरेख दिल्ली उच्च न्यायालयाची. गुरुग्राम किंवा फरिदाबादच्या दाव्याची वरची पायरी चंडीगडला, पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात. नोएडा म्हणजे गौतम बुद्ध नगर जिल्हा. त्याचे जिल्हा न्यायालय ग्रेटर नोएडाजवळ सूरजपूरला आहे आणि उच्च न्यायालय सहाशेहून अधिक किलोमीटर दूर, प्रयागराजला. नोएडात घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना हे पहिल्या नोटिशीनंतरच कळते. खिडकीतून दिल्ली दिसते, पण दिल्लीच्या उच्च न्यायालयाचा तुमच्या घराशी संबंध नसतो.

याचा कागद मिळवण्याशी थेट संबंध आहे. नक्कल कशी द्यायची, कोणाला द्यायची, शुल्क किती, फाइल किती वर्षे ठेवायची, हे नियम प्रत्येक उच्च न्यायालय आपापले करते. भाषाही बदलते. दिल्लीच्या जिल्हा न्यायालयांत आदेश इंग्रजीत लिहितात, तर सूरजपूर किंवा गाझियाबादचा आदेश बहुधा हिंदीत हाती येतो. कार्यालयीन बोलीत मात्र सगळीकडे जुन्या फारसी-उर्दूचा थर टिकून आहे. चालू दाव्याची फाइल ज्याच्या ताब्यात असते तो अहलमद. पंजाब-हरियाणाकडे रोजच्या तारखेचा आदेश म्हणजे जिमनी. आपल्याकडे त्यालाच रोजनामा म्हणतात. दिवाणी, फौजदारी, वकालतनामा, नाझर, नक्कल, तारीख हे शब्द दोन्हीकडे सारखेच आहेत. पुणे किंवा साताऱ्याच्या कोर्टाची सवय असलेला माणूस तीस हजारीत तसा परका पडत नाही.

दुसरी ओळ जिल्हा आणि इमारत. दिल्लीत न्यायालयीन जिल्हे 11 आहेत आणि न्यायालयांची संकुले सात : तीस हजारी, पतियाळा हाउस, कडकडडूमा, रोहिणी, द्वारका, साकेत आणि राउज अव्हेन्यू. पहाडगंज, करोलबाग हा भाग मध्य जिल्ह्यात येतो, म्हणून तीस हजारीत. मयूर विहार पूर्वेला, म्हणून कडकडडूम्यात. ही वाटणी मात्र आजची आहे. तीस हजारीची इमारत 19 मार्च 1958 रोजी सुरू झाली, आणि पुढची बरीच वर्षे दिल्लीचा बहुतेक न्यायव्यवहार तिथेच एकवटला होता. पतियाळा हाउस 1970च्या दशकात आले, कडकडडूमा 1993 साली, रोहिणी 2005, द्वारका 2008, साकेत 2010 आणि राउज अव्हेन्यू 2019 साली. म्हणून जुना कागद शोधताना घर आज कुठल्या जिल्ह्यात आहे हे विचारून भागत नाही. दावा चालला त्या वर्षी तो भाग कुठल्या इमारतीकडे होता, हे विचारावे लागते. कालकाजीतल्या जागेचा 1985चा निकाल साकेतला शोधण्यात अर्थ नाही, कारण तेव्हा साकेतचे न्यायालयच नव्हते.

पैशाचीही एक मर्यादा लक्षात ठेवावी. दिल्ली उच्च न्यायालय हे मुंबईप्रमाणे मोठ्या रकमांचे दिवाणी दावे थेट दाखल करून घेते. 2015 साली कायदा बदलून ही मर्यादा 20 लाखांवरून 2 कोटींवर नेली. म्हणजे 2010 साली दाखल झालेला 50 लाखांचा दावा सुरुवातीला उच्च न्यायालयात असणार आणि 2015नंतर तो जिल्हा न्यायालयाकडे पाठवला गेलेला असू शकतो. तिथे त्याला नवा क्रमांक पडला असणार. दोन्ही क्रमांक टिपून ठेवा. घराचा ताबा रखडल्याची तक्रार ग्राहक आयोगात किंवा रेराकडे केली असेल, तर तिचे कागद जिल्हा न्यायालयात मिळणारच नाहीत. महसुली प्रकरणांचेही तसेच.

तिसरी ओळ म्हणजे प्रत्यक्ष क्रमांक. इथे गेल्या दहा-पंधरा वर्षांत मोठा फरक पडला आहे. ई-कोर्ट्स प्रकल्प 2007 साली सुरू झाला. आज देशातल्या जिल्हा न्यायालयांतल्या प्रत्येक प्रकरणाला सीएनआर नावाचा 16 अक्षरांचा एक क्रमांक मिळतो. त्यात पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग न्यायालयाच्या आस्थापनेचे दोन आकडे, सहा आकड्यांचा अनुक्रम आणि शेवटी चार आकड्यांचे वर्ष. दिल्ली मध्य जिल्ह्यातल्या प्रकरणाचा क्रमांक 'डीएलसीटी' या अक्षरांनी सुरू होतो, नवी दिल्ली जिल्ह्यातला 'डीएलएनडी'ने. हा क्रमांक हाती असेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइलवरच्या ॲपवर प्रकरणाच्या तारखा, पक्षकार, वकील, आणि अपलोड झालेले आदेश घरबसल्या दिसतात. त्याला पैसे पडत नाहीत आणि कारण सांगावे लागत नाही.

सीएनआर नसेल तर नावावरून शोधता येते, आणि इथेच मराठी माणसे अडखळतात. आपण पूर्ण नाव सांगतो : स्वतःचे, वडिलांचे, आडनाव. दिल्लीत पक्षकार बहुधा पहिल्या नावाने आणि "अमक्याचा मुलगा" असा नोंदवतात. गायकवाड, कुलकर्णी, चव्हाण यांचे इंग्रजी स्पेलिंग टंकलेखकाने जसे ऐकले तसे लिहिलेले असते. म्हणून पूर्ण नाव टाकू नका. आडनावातली न बदलणारी चार-पाच अक्षरे टाका. वर्ष द्यावेच लागते, तेव्हा मागचे-पुढचे वर्षही तपासा. शोधाच्या चौकटीत 'प्रलंबित', 'निकाली' आणि 'दोन्ही' असे पर्याय असतात. निकाली दाव्याचा शोध 'प्रलंबित'मध्ये घेऊन "रेकॉर्ड नाही" असे उत्तर आले, आणि दावा गहाळ झाला असे समजून माणसे स्वस्थ बसली, हे मी एकापेक्षा जास्त घरांत पाहिले आहे. फौजदारी प्रकरणात फिर्यादी राज्य असते, त्यामुळे आरोपीचे नाव किंवा पोलीस ठाणे आणि एफआयआरचा क्रमांक टाकून शोधावे.

समजा, विट्याकडचे एक गलाई व्यावसायिक आहेत. खानापूर-आटपाडी भागातली माणसे सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या देशभर पसरली, तशी ती दिल्लीतही आली. वडिलांनी भाड्याने घेतलेल्या गाळ्याचा घरमालकाशी खटला झाला होता, तडजोडीने मिटला, आणि आता नव्या मालकाने रिकामे करण्याची नोटीस पाठवली आहे. जुना तडजोडीचा आदेश हवा. प्रकरण संगणकपूर्व काळातले आहे, त्यामुळे ई-कोर्ट्सवर काही सापडत नाही. अशा वेळी सुरुवात घरातल्या ट्रंकेतून करावी. जुन्या वकिलाची पावती, समन्सची प्रत, कुठल्याही कागदाच्या कोपऱ्यातला दाव्याचा क्रमांक आणि न्यायाधीशांचे नाव, यांतले काहीही उपयोगाचे. वकील हयात नसतील तर त्यांच्या मुन्शीकडे जुनी डायरी असू शकते. क्रमांक, न्यायालय आणि निकालाची तारीख मिळाली, की रेकॉर्ड रूमच्या नोंदवहीतून गोश्वारा नंबर निघतो. क्रमांक न मिळता तारीख तरी मिळाली, तरी आशा असते. दोन्ही नसतील तर नोंदवह्या पाहण्याची परवानगी मागावी लागते आणि मग वेळ लागतो.

पत्ता मिळाला की अर्ज. प्रत्येक संकुलात नकलांसाठी स्वतंत्र शाखा असते. अर्जावर प्रकरणाचे शीर्षक, क्रमांक, न्यायाधीशांचे नाव, पुढची तारीख किंवा निकालाची तारीख, आणि नेमका कोणता कागद हवा ते लिहायचे. "पूर्ण फाइल" असे लिहिण्याचा मोह टाळा. 17 तारखेचा आदेश, दाव्याची अर्जी, तडजोडनामा असे एकेक लिहा. त्यावर न्यायालय शुल्क लावायचे. दिल्लीत ते आता ई-कोर्ट फीच्या रूपात भरता येते. साधी आणि तातडीची अशा दोन रांगा असतात. प्रकरण चालू असेल तर फाइल अहलमदाकडून येते, निकाली असेल तर रेकॉर्ड रूममधून. फाइल नुसती पाहायची असेल तर पाहणीचा वेगळा अर्ज असतो. पाहणी कर्मचाऱ्यासमोर करायची असते आणि कागदावर कसलीही खूण करायची नसते. पेन खिशातच ठेवून पेन्सिलीने टिपणे घ्यावीत हे बरे. नक्कल मागण्याआधी पाहणी करणे मला नेहमी शहाणपणाचे वाटते, कारण नेमका कोणता कागद हवा हे अनेकदा फाइल उलटल्यावरच कळते.

संकेतस्थळावरून छापून घेतलेला आदेश माहितीसाठी पुरतो. अपील करताना, बँकेत, नोंदणी कार्यालयात किंवा दुसऱ्या न्यायालयात पुरावा म्हणून सही-शिक्क्याची प्रमाणित नक्कलच लागते. तिचा हक्क आपल्याला 1872च्या पुरावा कायद्याने दिला होता. 1 जुलै 2024पासून त्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली आणि ही तरतूद आता त्याच्या कलम 75मध्ये आहे. जो सार्वजनिक दस्तऐवज पाहण्याचा एखाद्याला हक्क आहे, त्याची नक्कल शुल्क घेऊन त्याला दिलीच पाहिजे, असे ती सांगते.

या वाक्यातला कळीचा भाग "पाहण्याचा हक्क आहे" हा आहे. पक्षकाराला तो आहेच. ज्याचा प्रकरणाशी संबंध नाही, त्याचे काय? पत्रकार, अभ्यासक, शेजारी, त्या जागेचा होऊ घातलेला खरेदीदार? न्यायालयांच्या नियमांत अशा माणसासाठी "परका" या अर्थाचा शब्द आहे. दिवाणी दाव्यात परक्याला निकाल आणि आदेशांच्या नकला मिळतात. अंतिम हुकूमनामा झाल्यावर दाव्याची अर्जी, प्रतिवादीचे म्हणणे, प्रतिज्ञापत्रे यांच्याही नकला मागता येतात. त्याआधी हव्या असतील तर न्यायालयाला पटेल असे कारण द्यावे लागते. पुराव्यात दाखल केलेले कागद मात्र ज्याने ते दाखल केले त्याच्या संमतीशिवाय मिळत नाहीत. सर्वसाधारण चौकट ही आहे. तपशील उच्च न्यायालयागणिक बदलतात.

अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाईकांना याचे आश्चर्य वाटते. तिथे काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या पातळीच्या, न्यायालयाच्या क्लार्ककडे जाऊन परक्या माणसालाही बहुतेक फाइली कारण न सांगता पाहता येतात. आपल्याकडे न्यायालयाचे दार उघडे आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता आणि फौजदारी प्रक्रियेचा कायदा दोन्ही सांगतात की सुनावणी खुल्या न्यायालयात व्हावी. तुम्ही आत जाऊन मागच्या बाकावर बसून साक्षीचा प्रत्येक शब्द ऐकू शकता. तीच साक्ष दुसऱ्या दिवशी कागदावर मागितली, तर तुम्ही परके ठरता. ही विसंगती मला बोचते, आणि ती दूर व्हायला हवी असे माझे ठाम मत आहे.

माहिती अधिकारातून हा अडसर ओलांडता येईल असे अनेकांना वाटले होते. 4 मार्च 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात तो मार्ग बंद केला. न्यायदानाच्या फाइलींतल्या नकला माहिती अधिकाराच्या अर्जाने नव्हे, तर त्या-त्या उच्च न्यायालयाच्या नियमांनुसारच मागायच्या, आणि परक्याने त्यासाठी कारण सांगायचे, असे ठरले. त्यामुळे जिल्हा न्यायालयातल्या निकालपत्रासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करून महिना वाया घालवू नका.

पोलिसांच्या कागदांची रेषा आणखी वेगळी आहे. एफआयआर संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने 6 डिसेंबर 2010 रोजी दिला होता आणि 1 फेब्रुवारी 2011पासून तो दिल्लीत लागू झाला. सप्टेंबर 2016मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो देशभर नेला. साधारणपणे नोंदणीनंतर 24 तासांत एफआयआर संकेतस्थळावर यावी, लैंगिक गुन्हे, दहशतवाद यांसारखी संवेदनशील प्रकरणे वगळून. दोषारोपपत्राबाबत मात्र 20 जानेवारी 2023 रोजी उलट निर्णय आला. ते सार्वजनिक दस्तऐवज नाही, ते सर्वांसाठी संकेतस्थळावर टाकता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. आरोपीला त्याची प्रत मिळते, प्रकरणाशी संबंध नसलेल्यांना नाही.

बंद दारांमागे राहायलाच हवे असेही कागद आहेत. बलात्कार पीडितेची ओळख, अल्पवयीन मुलाचे नाव, पोक्सोची प्रकरणे, नवरा-बायकोच्या तक्रारी. ई-कोर्ट्सवर अशा प्रकरणांचे आदेश दिसत नाहीत, आणि ते योग्यच आहे. 1960च्या दशकात मुंबईत या प्रश्नाची एक वेगळी बाजू पुढे आली होती. 1964 साली 'ब्लिट्झ' साप्ताहिकाविरुद्धच्या बदनामीच्या दाव्यात एका व्यापारी साक्षीदाराने, माझी साक्ष छापून आली तर धंदा बुडेल, अशी विनंती केली आणि न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांनी ती छापू नये असा तोंडी आदेश दिला. या आदेशाविरुद्ध वार्ताहर नरेश श्रीधर मिरजकर दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेले. नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे सुनावणी झाली. सरन्यायाधीश होते साताऱ्याचे प्र. बा. गजेंद्रगडकर. मार्च 1966मध्ये, ते निवृत्त झाले त्याच महिन्यात, निकाल आला. खुली सुनावणी हाच नियम, पण न्यायासाठी गरज पडली तर न्यायालय ती मर्यादित करू शकते, असे बहुमताने ठरले. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी भिन्न मत नोंदवले. तारकुंडे मूळचे सासवडचे. पुढे ते दिल्लीला स्थायिक झाले आणि नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीचे अग्रणी बनले. खुलेपणावरचा हा वाद मराठी माणसांनीच दोन्ही बाजूंनी उभा केला होता. माझा कल हिदायतुल्लांकडे आहे. तरीही साक्षीदाराची भीती ऐकून घेणाऱ्या न्यायाधीशाला मी दोष देत नाही.

जुन्या फाइलींना आणखी एक धोका असतो. 1917च्या कायद्याने उच्च न्यायालयांना जुने अभिलेख नष्ट करण्याचे नियम करण्याची मुभा दिली. फाइल जमा करताना तिचे भाग पाडतात. निकाल, हुकूमनामा आणि महत्त्वाचे कागद दीर्घकाळ राहतात, बाकीचे ठरलेल्या मुदतीनंतर जातात. म्हणून वडिलांच्या दाव्यातला निकाल मिळाला तरी त्यातल्या पावत्या किंवा फोटो मिळतीलच असे नाही. तुम्ही दाखल केलेले मूळ कागद निकालानंतर परत मागता येतात. ते वेळेत मागून घ्या. स्वातंत्र्यपूर्व फाइल असेल तर ती उर्दूत, शिकस्ता लिपीत असू शकते. महाराष्ट्रात मोडी वाचणारा शोधावा लागतो, तसा तिथे शिकस्ता वाचणारा शोधावा लागतो. ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला सप्टेंबर 2023मध्ये 7,210 कोटी रुपये मंजूर झाले, त्यात जुने अभिलेख स्कॅन करण्याचे कामही आहे. ते आपल्या फाइलीपर्यंत पोचेपर्यंत थांबू नका.

काही फाइली न्यायालयातून थेट इतिहासात गेल्या. गांधीहत्येचा खटला 1948 साली लाल किल्ल्यात विशेष न्यायाधीश आत्मा चरण यांच्यापुढे चालला. 149 सरकारी साक्षीदार झाले, आणि 10 फेब्रुवारी 1949 रोजी निकाल लागला. आरोपींत बहुतेक मराठी भाषक होते. अपील सिमल्याला पूर्व पंजाब उच्च न्यायालयात चालले. त्या पीठावरचे एक न्यायमूर्ती ए. एन. भंडारी हे पुढे मुख्य न्यायाधीश झाले आणि 1958मध्ये तीस हजारीच्या इमारतीचे उद्घाटन त्यांच्याच हस्ते झाले. या खटल्याचे कागद पाहायला आज जिल्हा न्यायालयात जाऊन उपयोग नाही. ते जनपथावरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. 2017 साली केंद्रीय माहिती आयोगाने नथुराम गोडसेच्या जबाबासह हे कागद लोकांसाठी खुले करण्याचा आदेश दिला. न्यायालयाच्या ताब्यातल्या फाइलीला जो नियम लागतो, तो अभिलेखागारात गेलेल्या फाइलीला लागत नाही. तिथे माहिती अधिकार चालतो.

आता पुन्हा नकलेच्या खिडकीशी येऊ. नक्कल हातात आली की तिथून हलण्याआधी ती उलटून पाहा. पाने पूर्ण आहेत का, प्रत्येक पानावर शिक्का आहे का, आणि तीन तारखा लिहिल्या आहेत का : अर्ज केव्हा केला, नक्कल केव्हा तयार झाली, केव्हा दिली. दिवाणी अपिलाला जिल्हा न्यायालयात 30 दिवस आणि उच्च न्यायालयात 90 दिवस मिळतात. नक्कल मिळवायला लागलेला वेळ मुदतीच्या कायद्याच्या कलम 12नुसार त्यातून वगळतात, आणि तो मोजतात याच तारखांवरून. अर्ज करण्याआधी घालवलेले दिवस वगळत नाहीत. नक्कल तयार झाल्यावर ती खिडकीत पडून राहिली, ते दिवसही वगळत नाहीत.